मूल दोन-अडीच वर्षांचं, बोलत नाही, हाकेला बघत नाही: ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निदानासाठी कुठून सुरुवात करायची?

कोयनाकाठ

दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी हा प्रश्न टाकतं आणि उत्तरं तीच तीन येतात: "मुलगे उशिराच बोलतात", "त्याचे बाबाही चार वर्षांपर्यंत गप्प होते", "मोबाइल बंद करा". म्हणून हा वेगळा धागा. यातलं ज्यांना माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. अनुभवकथनाला दुसरे धागे आहेत, तिथे जरूर लिहा, इथे नको.

आधी, काय दिसलं तर थांबायचं नाही ते. बारा महिन्यांपर्यंत 'बाबाबा, दादादा' अशी बडबड नाही किंवा टाटा करणं, बोट दाखवणं असे हातवारे नाहीत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द, नजर, हसणं मागे गेलं. हे शेवटचं असेल तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

'दोन शब्द' म्हणजे "पाणी दे", "बाबा गेला". एबीसीडी, एक ते वीस आकडे, जाहिरातीतली अख्खी ओळ यांची गणती त्यात नाही. बडबडगीतं पाठ आहेत पण तहान लागल्यावर पाणी मागत नाही, हे 'छान बोलतो' या सदरात टाकू नका.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वजा करून वय धरायचं. ३२ आठवड्यांना जन्म म्हणजे आठ आठवडे वजा, आणि हे दोन वर्षांचं होईपर्यंत. त्यानंतरही "सातमाशी होता ना" म्हणत राहणं चुकीचं.

आता बोट दाखवणं, कारण घरी सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "मागायला दाखवतो की" असं उत्तर येतं. बारकाईनं बघा. बिस्किटाचा डबा वर फळीवर आहे. एक मूल डब्याकडे बोट करतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं, परत डब्याकडे. दुसरं मूल आईचं मनगट धरतं, तिला ओढत फळीपर्यंत नेतं आणि तिचा हात डब्याकडे ढकलतं. चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही, जणू तो हात म्हणजे वरची वस्तू काढायची आकडी आहे. बिस्कीट दोघांनाही मिळतं. तपासणाऱ्याला मात्र हे दोन वेगळे प्रसंग दिसतात. आणि त्याहून महत्त्वाचं, काही नको असताना नुसतं "ते बघ" म्हणून विमान, कुत्रा, चंद्र दाखवतं का? ते नसेल तर ठळक लिहून ठेवा.

क्रम असा: नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची (डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन) वेळ. ती लवकर मिळत नाही, म्हणून आधी नंबर लावा आणि मधल्या काळात कानाची तपासणी उरकून घ्या. गावात असे तज्ज्ञ नसतील तर बाल-मनोविकारतज्ज्ञ किंवा बाल-मेंदूविकारतज्ज्ञही निदान करतात.

सोनटक्का

शहराबाहेरच्यांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झालेला. याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. विकासातला उशीर हा त्यांच्या तपासणीचाच भाग आहे. पथक कधी येणार ते सेविकेला विचारा आणि त्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः जा. आजीबरोबर पाठवलंत तर "काही नाही, लाजतो" एवढंच कागदावर उतरतं.

पथक चिठ्ठी देतं ती जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक एकाच छताखाली असावेत ही कल्पना. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं. म्हणून जाण्याआधी फोन करून "वाचा-श्रवणतज्ज्ञ कोणत्या वारी असतात" एवढं विचारा, नाहीतर एसटीचा फेरा फुकट.

श्रवणरेषा

कानावर विस्तारानं लिहिते, कारण "त्याला ऐकू येतं हो, पुड्याचा आवाज आला की आतल्या खोलीतून धावत येतो" हे वाक्य ठरलेलं.

पुड्याची कुरकुर वरच्या पट्टीतली. ती ऐकू येऊनही बोलण्यातले बरेचसे आवाज निसटू शकतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचतं, तेव्हा बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं लागतं. असं मूल कधी हाकेला बघतं, कधी नाही, आणि लोक म्हणतात "मुद्दाम करतो".

चाचण्या तीन, आणि तिन्हींचं काम वेगळं. ओएई पाच मिनिटांत होते, आतल्या कानाच्या पेशी काम करतात का ते कळतं. ती 'पास' म्हणजे पुढची मज्जातंतूची वाटही ठीक, असा अर्थ नाही. टिंपॅनोमेट्री (बरेच जण इम्पीडन्स म्हणतात) पडद्यामागचं पाणी दाखवते. आलेख सपाट, म्हणजे 'बी टाइप' आला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. तिसरी बेरा, आवाजाला मेंदूच्या देठापर्यंत मिळणारा प्रतिसाद. यात मूल झोपलेलं लागतं.

बेरा फसते ती या कारणांनी:

डोक्याला तेल. आदल्या रात्री चंपी केलेली असते, मग कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड धरत नाहीत. आदल्या दिवशी शाम्पूनं न्हाऊ घाला, तेल-पावडर काही नको.

वाटेतली डुलकी. रात्री उशिरा झोपवलं, पहाटे उठवलं, इथवर ठीक. मग गाडीत वीस मिनिटं पेंगतं आणि केंद्रावर टक्क जागं. येताना एक जण फक्त मुलाला जागं ठेवायला बरोबर हवा.

झोपेचं औषध. ते केंद्रावर, डॉक्टरांसमोर, वजन करूनच द्यायचं. "घरूनच देऊन आणा" असं कोणी सांगितलं तर दुसरं केंद्र बघा. आधी किती तास खायचं-प्यायचं नाही ते विचारून घ्या.

सर्दी. नाक वाहत असेल तर तारीख पुढे ढकला.

आणि हे विचारा: नुसत्या 'क्लिक'वर केलेली बेरा साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगते. खालच्या पट्टीसाठी टोन-बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर या वेगळ्या चाचण्या लागतात. अहवालात दोन्ही कानांचा ऐकू येण्याचा उंबरठा डेसिबलमध्ये हवा. नुसतं 'नॉर्मल' लिहून सही असेल तर आकडे मागून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या सगळ्या चाचण्या होतात.

अर्धविराम

+१. ऐकू येण्यात दोष निघाला म्हणजे ऑटिझम नाही, असंही नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. कानाचं यंत्र लावून शब्द येऊ लागले तरी बोट दाखवणं, नजर, खेळ याकडे लक्ष असू द्या.

मोरपंखी

ऑटिझमच्या चाळणीसाठी घरी भरायची प्रश्नावली म्हणजे एम-चॅट-आर. १६ ते ३० महिने वयासाठीच आहे. तीन वर्षांच्या मुलावर भरून "कमी गुण आले, सुटलो" म्हणू नका.

प्रश्न २०, उत्तर हो किंवा नाही. २, ५ आणि १२ या तीन प्रश्नांना 'हो' आलं तर एक गुण, उरलेल्या सतरांना 'नाही' आलं तर एक गुण. ते तीन प्रश्न असे: ऐकू येत नसावं अशी शंका आली का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतो का, रोजच्या आवाजांनी बिथरतो का (आपल्याकडे मिक्सर आणि कुकरची शिट्टी धरा). २ गुणांपर्यंत धोका कमी, पण मूल दोन वर्षांखालचं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरायची. ३ ते ७ आले तर ज्या प्रश्नांना गुण पडले त्यांवर सविस्तर मुलाखत, आणि त्यातही दोन किंवा जास्त उरले तर पुढे पाठवायचं. ८ किंवा जास्त आले तर मुलाखतीसाठी न थांबता थेट तज्ज्ञ.

इथे चूक होते ती "कधीतरी करतो" मुळे. एखाद-दोनदा केलेलं पण एरवी न करणारं असेल तर उत्तर 'नाही'. घरात चार मोठी माणसं असतील तर चौघांनी वेगवेगळी भरा, मग जुळवा. जिथे उत्तरं वेगळी आली तेच प्रश्न डॉक्टरांना सांगण्याजोगे.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. गुण जास्त आलेली सगळी मुलं स्वमग्न निघत नाहीत. पण त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरा काही विकासात्मक उशीर असतो, त्यामुळे फेरी वाया जात नाही.

तिरकस_तीन

एवढं सगळं करण्याआधी मोबाइल बंद करून तीन महिने थांबावं. 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणतात त्याला. स्क्रीन बंद केली की मुलं बोलायला लागतात.

कोयनाकाठ

स्क्रीन बंद करा, दुमत नाही. भारतीय बालरोग अकादमीनंही २०२१ साली दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास असंच सांगितलंय. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे डीएसएम-५ मधलं (डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी निकषपुस्तिकेतलं) निदान नाही, ते कोणत्याही प्रमाणपत्रावर येत नाही. माझा आक्षेप 'थांबावं' या शब्दाला. नंबर लावा, कान तपासा, आणि त्याच दिवसापासून स्क्रीनही बंद करा. तीन महिन्यांनी मूल बोलायला लागलं तर भेट रद्द करायला एक फोन पुरतो. नाही लागलं तर अडीच वर्षांच्या मुलाचे तीन महिने गेले.

तिरकस_तीन

बरं. पण एकदा शिक्का बसला की शाळा प्रवेश देत नाहीत, त्याचं काय?

मोरपंखी

अहवाल तुमच्या कपाटात असतो, शाळेला कधी आणि किती दाखवायचा ते पालक ठरवतात. आणि थेरपी सुरू करायला निदानाची चिठ्ठी लागतेच असं नाही. "बोलण्यात उशीर, सामाजिक संवादात अडचण" एवढ्या नोंदीवर वाचा-भाषा थेरपी सुरू होते.

जुनी_वही

तज्ज्ञांकडच्या भेटीत काय व्हायला हवं ते लिहितो, म्हणजे दहा मिनिटांत हातात पडलेलं निदान ओळखता येईल.

डीएसएम-५ प्रमाणे सामाजिक संवादाच्या तिन्ही अटी (देवाणघेवाण, नजर-हातवारे, नाती यांतल्या अडचणी) पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि तेच-तेच वागणं, ठरावीकपणाचा हट्ट, एकाच गोष्टीचं वेड, संवेदनांच्या तक्रारी या चारांपैकी किमान दोन. लक्षणं लहानपणापासूनची हवीत, रोजच्या जगण्यात अडसर आणणारी हवीत, आणि नुसत्या बौद्धिक उशिरानं त्यांचा उलगडा होत नसावा. हे सगळं दोन वाटांनी तपासतात: पालकांची मुलाखत आणि मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळ. डॉक्टर टेबलापलीकडून उठलेच नाहीत तर अर्धी तपासणी झालीच नाही.

साधनं. एडीओएस-२ ही खेळातून केलेली निरीक्षणं, १२ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वेगळा भाग आहे. ती सगळीकडे होत नाही, आणि ती नाही म्हणून निदान कच्चं असं नव्हे. कार्स-२ या गुणतक्त्यात १५ मुद्दे, गुण १५ ते ६०, तीसपासून पुढे स्वमग्नतेकडे बोट. आपल्याकडची आयएसएए ही ऑटिझमची मोजपट्टी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० पेक्षा कमी म्हणजे नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. सरकारी प्रमाणपत्रासाठी हीच लागते.

यांच्या बरोबरीनं विकासाची मोजणी. अडीच वर्षांपर्यंत डासी, प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या मुलांवरून बसवलेली, ६७ मुद्दे हालचालींचे आणि १६३ मानसिक वाढीचे. त्यातून विकासांक, म्हणजे डीक्यू निघतो. पुढे सामाजिक प्रगल्भतेसाठी व्हीएसएमएस, जिचं भारतीय रूप नागपुरात डॉ. मालिन यांनी केलं. यातून येतो तो 'एसक्यू', म्हणजे सामाजिक प्रगल्भतेचा अंक, बुद्ध्यांक नाही. "एसक्यू ५८" वाचून घरी रडारड होते. त्या आकड्यात स्वतःच्या हातानं जेवणं, चप्पल घालणं हेही मोजलेलं असतं. आजी अजून भरवत असेल तर आकडा तसाच खाली येतो. म्हणून "करू शकतो" आणि "आम्ही करू देत नाही" हे वेगवेगळं सांगा.

अहवालात वय, माहिती कोणी दिली, प्रत्येक साधनाचे मूळ गुण, कानाचा निकाल, स्पष्ट निदान, पुढची उद्दिष्टं आणि फेरतपासणीची तारीख हवी. 'ऑटिस्टिक फीचर्स' असं अर्धवट लिहिलं असेल तर सरळ विचारा: "निकष पूर्ण होतात की नाही? नसतील तर कोणते राहिले?" वयामुळे खरंच सांगता येत नाही, हे उत्तर चालेल, पण मग सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून घ्या.

आणखी एक. ऑक्युपेशनल थेरपी केंद्रानं "ऑटिझम आहे, आठवड्याला पाच सेशन" असं पहिल्याच दिवशी सांगणं म्हणजे निदान नव्हे. शंका त्यांना येऊ शकते, ती मोलाचीही असते. मानसशास्त्रज्ञ आणि वाचातज्ज्ञ यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक अहवालावर बघा.

सोनटक्का

ठिकाणं विचारणाऱ्यांसाठी: मुंबईत उम्मीद, पुण्यात केईएम रुग्णालयाचं टीडीएच केंद्र, नवी मुंबईत सिकंदराबादच्या त्याच राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र, नागपुरात सीआरसी (दिव्यांगांसाठीचं सरकारी प्रादेशिक केंद्र), गोव्यात सेतू. नंबर आधी फोनवर.

अर्धविराम

रक्त-एमआरआयचं कोणी लिहिलं नाही. ऑटिझम कोणत्याही रक्तचाचणीत किंवा स्कॅनमध्ये 'दिसत' नाही. तपासण्या करतात त्या कारण शोधायला किंवा बरोबरीचं काही उपचार करण्याजोगं आहे का बघायला.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बहुतेक सांगतात. माती, चुना, भिंतीचा रंग खाणारं मूल असेल तर लोह आणि शिसं दोन्ही. बी-१२ विसरू नका: आई पूर्ण शाकाहारी, तिचंच बी-१२ कमी, आणि बाळ वर्षभर फक्त अंगावर. अशी बाळं फिकी पडतात, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, शिकलेलं विसरतात, कधी हात थरथरतात. यावर औषध आहे, आणि लवकर दिलं तर फरक पडतो.

ईईजी झटके येत असतील, टक लावून हरवत असेल किंवा बोलणं गेलं असेल तर. एमआरआय डोक्याचा घेर फार लहान-मोठा असेल, एका बाजूला अशक्तपणा असेल, झटके किंवा पीछेहाट असेल तर. सरसकट नाही, त्यासाठी भूल द्यावी लागते हे लक्षात घ्या. मुलगी आहे, शिकलेलं विसरली आणि सारखे हात चोळते, तर रेट सिंड्रोमसाठी जनुकचाचणी विचारा. मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकचाचण्या कधी करायच्या ते तज्ज्ञ ठरवतील. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा, त्यानं निर्णय बदलतो.

तिरकस_तीन

स्टेम सेलबद्दल काय मत? जाहिराती खूप दिसतात.

अर्धविराम

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळानं डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस नाही. पैसे घेऊन देत असतील तर उठून या. शरीरातले धातू काढणारं चिलेशन त्याहून वाईट, त्यात मुलं दगावलेली आहेत.

जुनी_वही

प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता त्यातला एक. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज, मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, रुग्णालयाची निवड, मग बोलावलेल्या वारी वैद्यकीय मंडळासमोर. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक करून घ्या. "ऋतुजा" इंग्रजीत दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेली असते आणि अर्ज तिथेच अडकतो.

मंडळासमोर आयएसएए पुन्हा होते. प्रत्येक मुद्दा 'किती वेळा' यावर आहे: वीस टक्क्यांपर्यंत वेळा दिसलं तर १, ऐंशीच्या वर दिसलं तर ५. इथे पालक लेकराची बाजू सावरायला जातात, "नाही, तसा समजूतदार आहे", आणि गुण ७० च्या खाली उतरतात. ७० ला ४० टक्के अपंगत्व धरतात, आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा तोच. वाढवून सांगू नका, पण चांगल्या दिवसाचं वर्णनही करू नका. सरासरी आठवडा सांगा.

लहान वयात प्रमाणपत्र तात्पुरतं मिळतं, मुदत वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांखाली 'बौद्धिक अक्षमता' लिहीत नाहीत, 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' लिहितात. ते बघून "म्हणजे नुसता उशीर आहे, भरून निघेल" असा अर्थ काढू नका. राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो, दरवर्षी नूतनीकरण लागतं.

हडसनकाठी

अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी थोडं. तीन वर्षांखाली 'अर्ली इंटरव्हेन्शन'ला पालक स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तिथून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि पहिली बैठक व्हायला हवी, मूल्यमापनाला पैसे नाहीत. तिसऱ्या वाढदिवसानंतर जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे जाते, म्हणून अडीच वर्षांचं मूल असेल तर दोन्हीकडे एकदमच कळवा. घरची भाषा मराठी असेल तर फॉर्मवर तसं लिहा आणि दुभाषी मागा. "घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळतो" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, दोन भाषांमुळे ऑटिझमही होत नाही आणि वाचादोषही.

श्रवणरेषा

भेटीला जाईपर्यंत घरी काय, असं व्यक्तिगत निरोपांत विचारलंय, इथेच लिहिते. "हे काय? हे काय? काकाला सांग ना" ही परीक्षा बंद. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसा. तो गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा आणि एकच शब्द म्हणा, "गोल". आवडीचा खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, त्याच्या हाती द्या आणि मनात दहापर्यंत मोजत थांबा. तुमच्याकडे बघितलं, आवाज काढला, बरणी पुढे केली, काहीही केलं की लगेच "उघड" म्हणत उघडा. बुवा-कुक करताना 'कुक'च्या आधी तसंच थांबा. दिवसातून पाच-पाच मिनिटं, चार-पाच वेळा. एका बैठकीत तासभर नको.

चहाटळ_चिमणी

वाचते आहे. डॉक्टरांना दाखवायला मुलाचे व्हिडिओ घ्यायचे आहेत. किती मोठे आणि कशाचे?

मोरपंखी

दोन-दोन मिनिटांचे चार-पाच. एकटा खेळताना. दुसऱ्या मुलाबरोबर. जेवताना. हवं ते मागताना. आणि मागून, साध्या आवाजात, एकदाच नावानं हाक मारल्यावर: टाळी नाही, खाऊचं नाव नाही, खांद्यावर हात नाही. हात फडफडवणं, गोल फिरणं असं काही असेल तर ते जसं होईल तसं टिपा. फोन आडवा धरा, चेहरा आणि हात दोन्ही चौकटीत येऊ द्या. आणि मागून कोणी "बोल ना, बोल ना राजा" म्हणत असेल तर तो व्हिडिओ पुन्हा घ्या.